पत्रा सडतो तो आतून : एका प्रीमियर पद्मिनीच्या चार दारांचे प्रकरण

हे प्रकरण १९८६ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एका प्रीमियर पद्मिनीच्या दारांचे आहे. गाडी माझ्या वडिलांची. त्यांनी ती अलिबागमध्ये पंचवीस वर्षे वापरली आणि २०११ मध्ये डोळ्यांमुळे त्यांचे गाडी चालवणे थांबले, तेव्हा घरामागच्या वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी करून ठेवली. पुढची अकरा वर्षे ती तिथून हलली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मी ती टेम्पोवर चढवून पुण्याला आणली. १०८९ सीसीचे इंजिन कार्बुरेटर उघडून साफ केल्यावर आणि पेट्रोलची टाकी धुतल्यावर आठवडाभरात सुरू झाले, ब्रेकचे सिलिंडर बदलावे लागले आणि वायरिंगला फारसा धक्का लागलेला नव्हता. खरे काम होते ते पत्र्याचे, आणि त्यातही दारांचे. म्हणून या टिपणात बाकी सर्व बाजूला ठेवून केवळ चार दारांविषयी लिहिले आहे.

या गाडीचा वंश थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सुट्या भागांचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट ही इटालियन बनावटीची गाडी भारतात आणली. तीच गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली आणि शतक संपेपर्यंत फारशी न बदलता तयार होत राहिली. जुन्या पद्मिनीचा मालक त्यामुळे दुसऱ्या पद्मिनीच्या भागांवर बऱ्याच अंशी विसंबून राहू शकतो. दारांच्या बाबतीत हा भरवसा कितपत टिकतो, ते पुढे येईलच.

पाहणी

वरवर पाहता गाडीची स्थिती वाईट दिसत नव्हती. डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले होते, उजव्या पुढच्या दाराची खालची दुमड थोडी फुगली होती, डाव्या मागच्या दारावर सुईच्या टोकाएवढी सात-आठ भोके होती आणि उजवे मागचे दार तर जवळजवळ निर्दोष भासत होते. हे शेवटचे दार पाहून मला हायसे वाटले होते. तो अंदाज साफ चुकीचा ठरला.

नाना पेठेत चाळीस वर्षे डेंटिंग करणाऱ्या एका मिस्त्रींना मी गाडी दाखवली. त्यांनी खिशातून लोहचुंबकाचा एक लहानसा तुकडा काढला, तो सुती फडक्यात गुंडाळला आणि प्रत्येक दारावर वरपासून खालपर्यंत फिरवला. डाव्या पुढच्या दारावर चुंबक खालच्या चार बोटांपर्यंत घट्ट चिकटत होता. उजव्या मागच्या दारावर मात्र खालचा वीतभर भाग येताच तो सुटून त्यांच्या तळहातात पडला. मिस्त्रींनी तीन ठिकाणी तेच करून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, इथे पत्रा नाहीच. सगळी लांबी आहे." चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर आला की ओढ संपते, एवढेच या परीक्षेचे शास्त्र आहे, पण डोळ्यांना जे दिसत नाही ते दाखवण्यात याहून स्वस्त आणि खात्रीचे साधन मला अजून सापडलेले नाही. सर्वांत चांगले दिसणारे दार सर्वांत वाईट होते, आणि ते चांगले दिसत होते ते त्यावर सर्वांत जास्त लांबी भरलेली होती म्हणूनच.

यानंतर दारांची आतली पॅडे उतरवली. हार्डबोर्डावर रेक्झिन चढवलेली ही पॅडे चारही दारांत खालून फुगून पापुद्रे सुटलेली होती. पॅड आणि दाराचा सांगाडा यांच्यामध्ये असायला हवा तो प्लॅस्टिकचा कागद एकाही दारात शिल्लक नव्हता. आत टॉर्च मारल्यावर खालच्या खाचेत तपकिरी चिखल दिसला : माती, गंजाची पूड, नारळीच्या झावळीचे तंतू आणि काचेच्या रबराचे काळे कण यांचा तो ओलसर लगदा होता. डाव्या पुढच्या दारातून तो खरवडून काढला तेव्हा चहाचे दोन पेले भरले.

कारणमीमांसा

मोटारीच्या दारात पाणी जाणारच, हे आधी मान्य करावे लागते. काच वरखाली व्हायची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना फट राहणार, आणि त्या फटीवरची रबराची पट्टी नवी असतानाही सगळे पाणी अडवत नाही. दाराची रचनाच अशी असते, की आत आलेले पाणी काचेवरून ओघळून तळाशी जावे आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडावे. दार कोरडे राहते ते पाणी आत येत नाही म्हणून नव्हे, तर आलेले पाणी निघून जाते म्हणून. ही वाट बंद झाली की दार म्हणजे एक उभी टाकी होते.

आमच्या गाडीत ही वाट बंद कोणी केली, ते खालून पाहिल्यावर कळले. अनेक वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये गाडीच्या बुडाला गंजरोधक म्हणून डांबरासारखे काळे कोटिंग मारून घेतले होते. काम चांगल्या हेतूनेच झाले असणार, पण मारणाऱ्याने दारांच्या खालच्या कडेवरही हात फिरवला आणि पाणी निघण्याची भोके त्या कोटिंगखाली बुजली. ही गोष्ट पक्की करण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. डाव्या पुढच्या दारात, काचेच्या फटीतून एक लिटर पाणी मोजून ओतले आणि खाली परात धरली. पंधरा मिनिटांत परातीत जेमतेम ३०० मिलिलिटर पाणी जमले, तेही सडलेल्या दुमडीतून झिरपून आलेले. उरलेले आतच राहिले.

दुसरी एक गोष्ट मला बरेच दिवस कोड्यात टाकत होती. चारही दारांत गंज मागच्या खालच्या कोपऱ्यात जास्त आणि पुढच्या कोपऱ्यात कमी होता. याचे उत्तर गाडीत नव्हते. ते अलिबागच्या शेडमध्ये होते. पुढच्या खेपेस तिथे गेलो तेव्हा गवंड्याची पाण्याची पातळी नळी लावून जमीन पाहिली. गाडी आत घालताना तोंड चढाकडे आणि पाठ उताराकडे राहत होती, आणि गाडीच्या लांबीत साधारण चार इंचांचा उतार होता. अकरा वर्षे प्रत्येक दारातले पाणी मागच्या कोपऱ्यात गोळा होत राहिले. उजवी बाजू डाव्या बाजूपेक्षा का खराब झाली, तेही तिथेच समजले : ती बाजू जांभ्याच्या भिंतीला हातभर अंतरावर होती, तिच्यावर कधी ऊन पडत नव्हते, आणि गाडीवर टाकलेली प्लॅस्टिकची ताडपत्री भिंतीच्या बाजूला जमिनीपर्यंत लोंबत होती. पावसापासून गाडी वाचावी म्हणून घातलेल्या त्या ताडपत्रीने आतली वाफ कोंडून ठेवली.

यात समुद्राचा वाटा फार मोठा आहे. लोखंड गंजण्यासाठी हवेतील प्राणवायू आणि पाणी पुरेसे असते, पण मीठ मिसळले की ते पाणी विजेचे वाहक बनते आणि गंजण्याची क्रिया कित्येक पटींनी वेगाने चालते. शिवाय समुद्री मीठ म्हणजे केवळ खायचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते हवेतील आर्द्रता ३३ टक्क्यांच्या वर गेली की ओलावा ओढून घेऊ लागते. कोकणात हवा याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे पाऊस संपून दिवाळीची हवा सुरू झाली तरी दाराच्या तळाचा खारट चिखल ओलाच राहतो, आणि पत्र्याच्या दृष्टीने पावसाळा बारा महिने चालू असतो.

दुमड का फुगते, याचाही उलगडा येथे करणे योग्य होईल. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्याच्या कडेवरून वळवून दाबलेला असतो, आपण चपातीची कड वळवून करंजी मिटतो तसा. त्या मिटलेल्या घडीत कारखान्याचा रंग नीट पोहोचत नाही, पाणी मात्र केशाकर्षणाने शिरते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत होत असल्याने घडी आतून उकलू लागते, रंगाला तडा जातो आणि पाण्याला आणखी वाट मिळते. बाहेर पहिला फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच उरकलेले असते.

पर्याय आणि निर्णय

तीन पर्याय समोर होते. पहिला, दुसऱ्या गाडीची दारे आणून बसवणे. त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन दिवस फिरलो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी त्या वेळी शेवटच्या घटका मोजत होत्या; शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून जाणार होती. मोडीत निघालेल्या टॅक्सींची दारे मिळत होती, पण चुंबक लावून पाहिल्यावर बहुतेक दारांची खालची वीत आमच्यासारखीच लांबीने भरलेली निघाली. टॅक्सीचे दार रोज शेकडो वेळा उघडते-मिटते, त्यामुळे बिजागऱ्यांच्या जागाही कित्येक दारांत फाटलेल्या होत्या. त्या बाजारातून मी दारे न आणता कुलपे, काच वर-खाली करण्याच्या दोन मशिनी आणि पुढच्या दाराच्या तिकोनी काचेची एक चौकट एवढेच आणले.

दुसरा पर्याय स्वस्त होता आणि तो मला तीन ठिकाणी सुचवला गेला : फोड घासून काढायचे, भोकांवर जाळी किंवा फायबरचे कापड चिकटवायचे, वरून लांबी भरून रंग द्यायचा. या पर्यायाला माझा विरोध सौंदर्याच्या कारणाने नव्हता. गाडीच्या कामात वापरतात ती पॉलिएस्टरची लांबी सच्छिद्र असते आणि ओलावा शोषून घेते. तिच्या पाठीमागे सडका पत्रा असेल तर ती गंजाला ओला पोटीस बांधल्यासारखे काम करते. आमचे उजवे मागचे दार हा त्याचा पुरावा समोरच होता. आमच्या मिस्त्रींचेही मत तेच पडले. "लांबी मारून देतो म्हणालात तर उद्या देतो," ते म्हणाले, "पण पुढच्या पावसाळ्यात परत माझ्याच दारात याल, आणि तेव्हा कापायला आजच्यापेक्षा जास्त असेल."

तिसरा पर्याय म्हणजे सडलेला भाग कापून काढून, त्या मापाचा नवा पत्रा घडवून जोडणे. तोच घेतला. नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीचा, सीआरसीए प्रतीचा (थंड लाटून नंतर तापवून मऊ केलेला) निवडला. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा वापरावा असा सल्ला एकाने दिला होता. तो सल्ला मी नाकारला, कारण वेल्डिंगच्या ठिकाणी जस्त जळून जाते आणि नेमका जोडच उघडा पडतो. शिवाय जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे वेल्डिंग करणाऱ्यांना अनुभवाने माहीत असते.

पहिले दार आणि त्यातली चूक

कामाला डाव्या पुढच्या दारापासून सुरुवात केली. दार बिजागऱ्यांवरून काढण्याआधी आम्ही बिजागऱ्यांच्या कडा पत्र्यावर टाचणीने आखून घेतल्या आणि दाराभोवतीच्या फटींची मापे बारा ठिकाणी घेऊन कागदावर टिपली. दाराच्या खालच्या भागाचा बाक पुठ्ठ्यावर कापून त्याचे तीन साचे केले. ही तासाभराची मेहनत पुढे कित्येक तास वाचवते. कापलेला भाग एकदा भंगारात गेला की मूळ आकार सांगायला दुसरा साक्षीदार उरत नाही.

जुना रंग काढताना पाण्याचा वापर केला आणि तोंडावर योग्य प्रतीचा मास्क लावला, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरून चालणे शहाणपणाचे आहे. रंग निघाल्यावर मिस्त्रींनी टोकदार हातोडीने तळापासून वर ठोकत नेले. जिथे आवाज बसका तिथे पत्रा पातळ आणि जिथे खणखणीत तिथे तो निरोगी. त्या आवाजावरून खडूने रेघ मारली, आणि रेघेच्याही वर दोन बोटे सोडून कापले. खराब पत्र्याच्या कडेला वेल्डिंग करू गेले तर ती कड ज्योतीपुढे विरघळून भोक मोठे होत जाते, म्हणून हे दोन बोटांचे अंतर आवश्यक असते. कापाचे कोपरे चौकोनी न ठेवता गोलाई दिली, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पुढे तिथेच रंगाला तडा जातो.

चूक झाली ती यानंतर. मिस्त्रींचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला होता, आणि मलाही त्यांच्या सफाईदार कामावर पूर्ण विश्वास होता. सुमारे ४० सेंटिमीटरचा जोड त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ सलग नेला. जोड सुरेख आला. पण पत्रा गार झाल्यावर मी दाराच्या मधोमध अंगठ्याने दाबले, तेव्हा तो "टक" असा आवाज करून आत गेला आणि बोट काढताच पुन्हा बाहेर आला. बिस्किटाच्या रिकाम्या डब्याचे झाकण दाबल्यावर होते तसे ते झाले होते.

याचे गणित सोपे आहे आणि ते आधीच करायला हवे होते. पोलाद दर अंशाला, दर मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते. ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी ५०० अंशांनी तापली तर ती १.८ मिलिमीटर वाढू पाहते. आजूबाजूचा गार पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून ती स्वतःतच दाबली जाऊन जाड होते. मग गार होताना आकसते ती मूळ लांबीपेक्षाही कमी होते आणि शेजारचा पत्रा चुणीसारखा ओढून घेते. जोड आखडला होता आणि त्यामुळे वरचा सपाट भाग सैल पडला होता.

उपाय करायचा तो सैल दिसणाऱ्या भागावर नव्हे, तर आखडलेल्या जोडावर, हे मिस्त्रींना मुळातच ठाऊक होते. त्यांनी जोडामागे डॉली, म्हणजे ठोके झेलणारा लोखंडी ठोकळा, धरून पुढून हलक्या हाताने, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतराने ठोके मारत जोड ताणायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीनंतर ते तळहात दारावरून सावकाश फिरवत आणि डोळे मिटून घेत. डोळ्यांना फसवणारा उंचवटा हाताला लगेच लागतो, असे ते म्हणाले, आणि मी हात फिरवून पाहिला तेव्हा पहिल्यांदा काहीच कळले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मलाही तो उंचवटा जाणवू लागला. साडेतीन तासांच्या ठोकाठोकीनंतर "टक" बंद झाले. त्यानंतरच्या तीनही दारांसाठी आम्ही मिग वेल्डिंग, म्हणजे वायूच्या आवरणाखाली विजेने तार वितळवून केलेले वेल्डिंग, वापरले : ०.८ मिलिमीटरची तार, आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण, आणि सलग रेघेऐवजी सुटे टाके. एक टाका डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला, तिसरा मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतका पत्रा गार होईपर्यंत थांबायचे. असे करत टाक्यांमधली अंतरे भरत आणली. वेळ दुप्पट लागला, पण पुढच्या एकाही दाराचा पत्रा सैल पडला नाही.

जोड समोरासमोर भिडवून केला, एकावर एक चढवून नव्हे. चढवलेला जोड करायला सोपा असतो, पण त्याच्या आतल्या बाजूला एक ओठ तयार होतो आणि त्या ओठावर माती आणि पाणी साचते. दुमडीने जे नुकसान केले तेच आपल्या हाताने पुन्हा घडवण्यासारखे ते आहे.

उजवे मागचे दार

या दाराची लांबी छिन्नीने काढली तेव्हा काही ठिकाणी तिची जाडी ११ मिलिमीटर भरली. तिच्याखाली आधीच्या कोणा कारागिराने ॲल्युमिनियमची जाळी रिबिट मारून बसवली होती, आणि जाळीमागे बाहेरचा पत्रा तर नव्हताच, आतल्या सांगाड्याची तळाची खाचही जवळजवळ नाहीशी झाली होती. इथे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. बाहेरचा पत्रा दाराला रूप देतो, पण आकार धरून ठेवतो तो सांगाडा. त्याचा तळ कापला की दार उघड्या तोंडाच्या पिशवीसारखे लवचीक होते आणि जसे धरले असेल तसे जोडले जाते.

म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या आतल्या बाजूला एक इंची अँगलच्या दोन पट्ट्या कर्णरेषेत टाके मारून जखडल्या आणि दोन्ही कर्णांची मापे दारावरच लिहून ठेवली. मगच सडका भाग काढला. तळाची नवी खाच घडवायला बाजारात काही तयार मिळाले नाही. मिस्त्रींनी सागाचा एक ठोकळा डाव्या दाराच्या खाचेवरून माप घेऊन तासला, उजवीकडचे दार असल्याने आकार उलटा करून घेतला, आणि त्याच्यावर पत्रा ठेवून लाकडी मोगरीने दोन घड्या घातल्या. लोखंडी हातोडी इथे वापरली असती तर प्रत्येक ठोक्याचा व्रण उमटला असता. खाच बसवल्यावर दार पट्ट्यांसकट गाडीवर लावून पाहिले, फटी मोजल्या, खालच्या मागच्या कोपऱ्यात २ मिलिमीटरचा फरक निघाला, टाके तोडून तो दुरुस्त केला, आणि फटी जुळल्यावरच पक्के वेल्डिंग केले. दार गाडीवर लावून पाहिल्याशिवाय ते पक्के करायचे नाही, हा मिस्त्रींचा दंडक होता आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

बाहेरच्या पत्र्याचा खालचा १८ सेंटिमीटरचा पट्टा नवा घातला. जोडाची रेघ सपाट भागाच्या मधोमध न घेता, पत्रा खाली आत वळू लागतो तिथे घेतली, कारण बाक असलेला पत्रा उष्णतेला जास्त दाद देत नाही. तीन कडांना १२ मिलिमीटर जादा पत्रा दुमडीसाठी ठेवला. दुमड मिटण्याआधी तिच्या आत इपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन हात दिले, वाळल्यावर सांध्याला लावायचा इपॉक्सी गोंद भरला, आणि मग कड एकदम न मिटता तीन फेऱ्यांत मिटली. पहिल्या फेरीत काटकोनापर्यंत, दुसरीत त्याच्या निम्म्यापर्यंत, तिसरीत पूर्ण. एका जागी पूर्ण मिटून पुढे सरकले तर कड लाटेसारखी होते. शेवटच्या फेरीत बाहेरून धरलेल्या डॉलीवर मी जाड चामड्याचा तुकडा लावला होता, जेणेकरून दर्शनी पत्र्यावर ठसा उठू नये. या एका दाराला सहा दिवस लागले.

पाण्याची वाट

उजव्या बाजूच्या दोन्ही दारांत आणि डाव्या पुढच्या दारात तळ नवाच घातलेला असल्याने पाणी निघण्याची भोके आम्हाला हवी तशी करता आली. प्रत्येक तळाला १० मिलिमीटरची तीन भोके पाडली : पुढच्या कोपऱ्यात एक, मधे एक आणि मागच्या कोपऱ्यात एक. भोकाची कड पंचने खालच्या बाजूला किंचित वळवली, म्हणजे पाणी कडेवर न रेंगाळता थेंब होऊन गळते, आणि त्या उघड्या कडांना ब्रशने प्रायमर लावला. डाव्या मागच्या दारात सुईच्या टोकाएवढी भोके असलेला तळहाताएवढा भाग तेवढा बदलला होता. त्याचा मूळ तळ शाबूत होता, म्हणून तिथे जुने मधले भोक कोटिंग खरवडून मोकळे केले आणि मागच्या कोपऱ्यात एक नवे पाडले.

आतल्या बाजूला जिथे जुना पत्रा ठेवला तिथला सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले. हे द्रावण उरल्यासुरल्या गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, परंतु ते लावून तसेच ठेवणे चूक आहे. आम्लाचा अंश पृष्ठावर राहिला तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. म्हणून पाण्याने धुऊन, दिवसभर उन्हात ठेवून, हेअर ड्रायरने दुमडीपर्यंत वाळवून मगच प्रायमर दिला. बाहेरच्या बाजूला लांबी वापरली ती इपॉक्सी प्रायमरच्या वर आणि पातळ, कुठेही २ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. लांबी वाईट नाही. तिला पत्र्याचे काम करायला लावणे वाईट. रंगाचा मूळ दुधी छटेचा नमुना कुलपाच्या पट्टीखाली शाबूत सापडला, त्यावरून रंग जुळवला. रंगकामाविषयी याहून वेगळे सांगण्यासारखे काही घडले नाही.

रंग पूर्ण वाळल्यावर, भर एप्रिलच्या दुपारी, लांब नळीच्या पिचकारीने दारांच्या आत मेण मारले. ऊन मुद्दाम निवडले होते, कारण तापलेल्या पत्र्यावर हे मेण पातळ होऊन दुमडीत आपसूक ओढले जाते. खाली ठेवलेल्या वर्तमानपत्रावर भोकांतून मधाच्या रंगाचे ठिपके पडले, तेव्हा वाट मोकळी असल्याची खात्री झाली. भोके मेणाने बुजू नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकात तार फिरवली. काचेच्या फटीवरच्या रबरी पट्ट्या नव्या बसवल्या, आणि सांगाड्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद असा चिकटवला की त्याची खालची कड दाराच्या आत वळेल आणि त्यावरून ओघळणारे पाणी पॅडवर न येता तळात जाईल. पॅडांसाठी प्लायवूड वापरावे असा विचार होता. पण गाडी मूळ रूपात राहावी या इच्छेने हार्डबोर्डच घेतला आणि दोन्ही बाजूंनी व कडांना तीन हात वॉर्निश दिले.

पॅड लावण्यापूर्वी तोच जुना प्रयोग पुन्हा केला. डाव्या पुढच्या दारात एक लिटर पाणी ओतले आणि घड्याळ लावले. ४० सेकंदांत परातीत जवळजवळ सगळे पाणी आले.

पावसाळ्यानंतर

गाडी २०२३ चा सबंध पावसाळा पुण्यात उघड्यावर राहिली आणि आठवड्यातून दोन-तीनदा चालवलीही गेली. वडील पुढच्या सीटवर बसून दोनदा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आले. दार मिटल्याचा आवाज ऐकून ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते पुन्हा उघडून पुन्हा मिटले. ऑक्टोबरमध्ये मी चारही पॅडे उतरवली. उजव्या बाजूची दोन्ही दारे आणि डावे पुढचे दार आतून कोरडे होते, मेणाचा थर शाबूत होता आणि हार्डबोर्डाची खालची कड फुगलेली नव्हती.

डाव्या मागच्या दारात, म्हणजे ज्याला सर्वांत कमी काम लागले होते त्या दारात, पुढच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची एक तपकिरी रेघ होती. मी तिथे बोट फिरवले तर ते ओले झाले. कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्या इमारतीच्या आवारात गाडी उभी राहते ती जागा गेटकडे उतरती आहे, आणि गाडी लावतो ती तोंड गेटकडे करून. अलिबागला मागच्या कोपऱ्यात जाणारे पाणी इथे पुढच्या कोपऱ्यात जात होते, आणि नेमके त्याच एका दारात आम्ही पुढे भोक पाडलेले नव्हते. मागच्या कोपऱ्याकडे लक्ष देताना ही गोष्ट माझ्या आणि मिस्त्रींच्याही ध्यानात आली नव्हती.

रेघ घासून पाहिली. पत्रा खणखणीत होता, गंज पृष्ठापुरताच होता. त्याच संध्याकाळी दार बिजागऱ्यांवरच ठेवून, खालून १० मिलिमीटरचे भोक पाडले, कड वळवली, प्रायमरचा हात दिला. दोन दिवसांनी मेण मारले, आणि परात खाली ठेवून काचेच्या फटीतून एक लिटर पाणी ओतले.